मुंबईतून जपानी तलवारीचा नाद करायचा, तर आधी त्सुबा घ्या

जपानी तलवारींचा नाद लागला असेल आणि राहायला मुंबईत असाल, तर पहिली खरेदी तलवारीची करू नका. त्सुबा घ्या. मूठ आणि पातं यांच्या मध्ये बसणारी धातूची चकती म्हणजे त्सुबा. ती तळहातावर मावते, वन बीएचकेच्या कपाटात डझनावारी राहतात, आणि तलवारीबद्दल जे शिकायचं त्यातलं निम्मं ती शिकवते. उरलेलं फोटो, पुस्तकं आणि संग्रहालयं शिकवतात. पात्याचं नंतर बघू. कदाचित पातं कधीच घेणार नाही तुम्ही, आणि त्याने काही अडत नाही.

आधी कायद्याचं उरकून घेते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात धारदार हत्यारंही शस्त्रच धरली जातात. २०१६ च्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या तलवारी, खंजीर वगैरेंचा वेगळा वर्ग आहे. घरगुती, शेतीच्या आणि कारखान्याच्या वस्तू तेवढ्या वगळल्या आहेत. कताना, म्हणजे लांब जपानी तलवार, जवळपास २४ इंचांपासून पुढे सुरू होते, आणि तांतो हा छोटा खंजीरसुद्धा बहुतेक वेळा ९ इंच ओलांडतो. परदेशातून शस्त्र आणायचं तर कलम १० खाली परवाना लागतो. शिवाय तलवारी, भाले बाळगून फिरायला मनाई करणारे आदेश मुंबई पोलीस अधूनमधून काढतच असतात. कुरिअरने तलवारी मागवणाऱ्यांवर महाराष्ट्रात गुन्हे दाखल झालेले आहेत. 'शोपीस आहे साहेब' हे वाक्य चौकीत फारसं चालत नाही.

ऑनलाइन दोन-तीन हजारांत 'ओरिजिनल कताना' म्हणून मिळते तिच्या तर वाटेलाच जाऊ नका. स्टेनलेसची पट्टी, अ‍ॅसिडने उमटवलेली लाट आणि मुठीच्या आत वेल्डिंग करून जोडलेला सळईचा तुकडा. पोलिसांच्या लेखी तलवार, संग्राहकाच्या लेखी भंगार. दोन्हीकडून तोटा.

पाणी कसं दिलंय ते बघा

मी हीट ट्रीटमेंटवाली. मेटलर्जीचा डिप्लोमा केला आणि साकीनाक्याच्या एका हार्डनिंग शॉपमध्ये लागले. तेव्हापासून भट्टी, तेलाची टाकी आणि हार्डनेस टेस्टर यांच्यातच दिवस जातो. जपानी तलवारीकडे मी वळले ती सामुराईंच्या गोष्टींमुळे नव्हे. आम्ही जे होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करतो, ते तिथला लोहार मुद्दाम घडवून आणतो, म्हणून वळले.

आमच्याकडे एखादा जॉब तेलाऐवजी पाण्यात टाकायचा म्हटलं की सगळे दोन पावलं मागे सरकतात. पाणी उष्णता फार वेगाने ओढतं. कोपऱ्यातून तडा जातो, जॉब वाकतो, मग पार्टीचे फोन सुरू. जपानी लोहार मात्र ७० सेंटीमीटरचं पातं सरळ पाण्यात टाकतो. त्याआधी पात्यावर मातीचा लेप देतो: माती, कोळशाची पूड आणि दगडाची पूड एकत्र कालवलेली. पाठीकडे जाड थर, धारेकडे पातळ. खोलीत अंधार करून, पोलादाच्या रंगावरून तापमान ओळखतो. साधारण ७५० ते ८०० अंश सेल्सिअसला पातं बाहेर काढतो आणि पाणी देतो. धारेकडची उष्णता झटक्यात निघून जाते आणि तिथे मार्टेन्साइट तयार होतं, कडक, रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ६० च्या आसपास. पाठ मातीखाली सावकाश निवते आणि मऊ, चिवट राहते. एकाच पात्यात दोन स्वभाव. आणि त्या दोघांमधली जी सीमारेषा पॉलिशनंतर दिसते, तिचं नाव हामोन.

तलवारीचा बाकही बऱ्याच अंशी इथेच येतो. मार्टेन्साइट जास्त जागा घेतं, त्यामुळे धारेची बाजू फुगते आणि पातं पाठीकडे वाकतं. गंमत म्हणजे पाण्यात शिरल्या शिरल्या ते आधी उलटं, धारेकडे वाकतं, कारण ती बाजू आधी आकसते. मग रचना बदलते आणि पातं वळण घेऊन परत येतं. याच काही सेकंदांत अनेक पाती तडकतात. लोहाराचा सगळा महिना त्या टाकीत जातो. आमच्या शॉपमध्ये हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा भट्टीवरचा आमचा मामा एवढंच म्हणाला, 'पार्टी कोण त्याची? रिजेक्शन घेतो का?'

हामोन बघायचा तर ट्यूबलाइटखाली काहीच दिसत नाही. एकच उघडा बल्ब हवा, आणि पातं त्याच्या दिशेने तिरकं धरून डोळा आणि पातं यांचा कोन हळूहळू बदलायचा. मग सीमारेषेवर चकाकणारे कण दिसायला लागतात. रव्याचे दाणे पसरल्यासारखे सुटे दिसले तर त्याला निए म्हणतात. कण इतके बारीक असले की नुसता दुधी पट्टा दिसतो, तर ते निओई. दोन्ही मार्टेन्साइटच, फरक दाण्याचा. फोटोतून हामोन ओळखायला शिकताना एवढं ध्यानात ठेवा: अ‍ॅसिडने काढलेली रेघ सगळीकडे सारखी करडी आणि मॅट असते. उजेडाचा कोन बदलला तरी तिच्या आत काही घडत नाही.

पोलादाच्या घड्यांबद्दल भरपूर थापा चालतात. 'हजार वेळा दुमडलेली तलवार' कुठेही नाही. साधारण १० ते १५ घड्या घालतात. प्रत्येक घडीला थर दुप्पट होतात, त्यामुळे १५ घड्यांत हिशेबाने ३२,७६८ थर झाले. त्यापुढे दुमडत बसलं तर कार्बन जळून जातो. मूळचं पोलाद, तामाहागाने, हे लोहवाळू आणि लोणारी कोळशापासून मातीच्या भट्टीत करतात. शिमाने प्रांतात ओकुइझुमोला अशी भट्टी अजून पेटते; जपानी तलवार-संवर्धन संस्थेने ती १९७७ साली पुन्हा सुरू केली. तीन दिवस-तीन रात्री भट्टी चालते, सुमारे १० टन वाळू आणि १२ टन कोळसा खाते, आणि अडीच टनांचा एक वेडावाकडा गोळा देते. त्यातलं चांगलं पोलाद निवडून वेगळं काढतात. घड्या घालायच्या त्या मुख्यतः कार्बन सगळीकडे सारखा पसरावा आणि मळी झडून जावी म्हणून. त्या थरांची जी नक्षी पात्यावर उमटते ती हादा. लाकडाच्या रेषांसारखी सरळ असली तर मासामे, फळीतल्या गाठीसारखी असली तर इतामे किंवा मोकुमे.

आपल्याकडच्या जुन्या तलवारींशी हिची गल्लत करू नका. दख्खनच्या वूट्झ पोलादावरची नक्षी मुशीत वितळलेलं पोलाद सावकाश निवताना आतल्या कणांच्या रचनेतून येते. ती दुमडून केलेली नसते. दोन्हीकडे पाणीदार नक्षी दिसते म्हणून 'डमास्कस' असा एकच शिक्का मारणारे विक्रेते दोन्ही गोष्टींबद्दल अडाणी असतात.

फोटो बघताना आधी मुठीच्या आतलं बघा

तलवार विकत घ्यायची नसली तरी बघायला शिकाच, कारण त्सुबाचा काळ आणि प्रांत तलवारीच्या इतिहासावरच टांगलेला आहे. लांबी हा पहिला निकष. एक शाकू म्हणजे ३०.३ सेंटीमीटर. एका शाकूपेक्षा लहान तो तांतो, एक ते दोन शाकूंमधली वाकिझाशी, दोन शाकूंच्या वर कताना. कालखंड ढोबळमानाने असे: १५९६ पर्यंतच्या कोतो, तिथून १७८० च्या सुमारापर्यंत शिंतो, पुढे १८७६ पर्यंत शिनशिंतो. १८७६ साली मेइजी सरकारने कमरेला तलवार लावायला बंदी केली आणि धंदाच बसला. यामाशिरो, यामातो, बिझेन, सोशू आणि मिनो या पाच परंपरांची नावं वाचत वाचत आपोआप पाठ होतात. सुरुवातीला घोकत बसू नका.

नवशिके धार बघतात. जाणकार आधी मूठ काढून नाकागो बघतात, म्हणजे मुठीच्या आत जाणारा पात्याचा न उजळलेला शेवट. शेकडो वर्षांचा गंज त्यावर चढलेला असतो, गडद तपकिरी, जवळजवळ काळा, हाताला गुळगुळीत. त्याखाली लोहाराने घासलेल्या कानशीच्या रेघा दिसतात. त्या आडव्या आहेत की तिरक्या, कुठल्या बाजूला उतरत्या, हे घराण्यागणिक ठरलेलं असतं. बांबूची खुंटी जाते त्या भोकाची जागा बघा, भोकं किती तेही बघा. दोन-तीन भोकं असली तर पातं कधीतरी मागून कापून आखूड केलेलं असू शकतं, आणि मग नाकागोवरची लोहाराची सही अर्धी तुटलेली किंवा पूर्ण गेलेली असते. ती लबाडी नव्हे. लांब जुन्या तलवारी पुढच्या काळातल्या पद्धतीला साजेशा करताना असंच कापत. नाकागो कोणी घासून चकचकीत केला असेल तर मात्र तलवारीची किंमत आणि ओळख एकदमच गेली समजा.

सहीवर विश्वास ठेवू नका. खोटी सही, गिमेई, हा जपानी तलवारीचा शेकडो वर्षांचा जोडधंदा आहे. मासामुने किंवा कोतेत्सु ही नामांकित लोहारांची नावं दिसली तर खोटी समजूनच पुढे चला. १९४८ साली स्थापन झालेली तलवार-संवर्धन संस्था तपासून अस्सलपणाचे कागद देते: होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो आणि तोकुबेत्सु जुयो, चढत्या क्रमाने. १९८२ च्या आधीचे त्यांचे जुने कागद बाजारात अजून फिरतात. त्यांना आजच्या कागदांइतकं कोणी मानत नाही.

तोरोकुशो हे वेगळंच प्रकरण आहे. जपानमध्ये प्रत्येक तलवारीची सरकारदरबारी नोंद असते, त्या नोंदीचा हा दाखला. दर्जाशी त्याचा संबंध नाही. आणि तलवार देशाबाहेर न्यायची तर तिथल्या सांस्कृतिक खात्याची परवानगी घेऊन हा दाखला परत करावा लागतो. म्हणजे मुंबईत कोणी तलवार दाखवून 'हा बघा तिचा तोरोकुशो' म्हणाला, तर तो कागद इथे कसा आला हा पहिला प्रश्न विचारा.

दोष अनेक असतात, त्यातला एक जीवघेणा: हागिरे, धारेतून उभा गेलेला केसासारखा तडा. बाकी फोड, जुळणीतली फट, पॉलिश करून करून आतलं पोलाद उघडं पडणं, हे सगळं जुन्या पात्यात थोडंफार चालतं. हागिरे नाही चालत. आमच्या भाषेत क्वेंच क्रॅक, पाणी देताना गेलेला तडा. त्यावर इलाज नाही.

आता त्सुबा

माझ्याकडची एक समोर ठेवूनच सांगते. लोखंडी, गोल, व्यास साडेसात सेंटीमीटर, जाडी ५ मिलिमीटर. आरपार कोरून दोन रानहंस आणि गवताची पाती काढली आहेत. सही नाही. मधलं उभं त्रिकोणी भोक पात्यासाठी. त्याच्या वर आणि खाली तांब्याचे तुकडे ठोकून बसवलेत, म्हणजे चकती पात्यावर घट्ट बसावी. वरचा तुकडा जुना आणि झिजलेला, खालचा नंतर बदललेला. ही चकती एकापेक्षा जास्त तलवारींवर चढली असणार. भोकाभोवती लंबगोल सपाट जागा आहे, तिथे वॉशर बसत. तिची झळाळी बाकीच्या लोखंडापेक्षा वेगळी आहे. बाजूला दोन छोटी भोकं, एक अर्धचंद्रासारखं आणि दुसरं तीन पाकळ्यांचं. म्यानाला लावलेली लहान सुरी आणि केस सारखे करायची सळई यांची टोकं त्यांतून वर येत.

आता ती कडेवर उभी करून बघा. कडेला मधेच बारीक गाठी हाताला लागतात, थोड्या चकचकीत. त्यांना तेक्कोत्सु म्हणतात, लोखंडाची हाडं. वेगवेगळ्या कार्बनचं लोखंड एकत्र घडवलं की कडक भाग कमी झिजतो आणि वर येतो. ही गोष्ट ओतकामात येत नाही.

नकली त्सुबा ओळखायचा माझा सगळ्यात भरवशाचा उपाय टूलरूममधूनच आलेला आहे: कोरलेल्या जागेच्या भिंती बघा. छिन्नी आणि कानशीने कापलेली भिंत सरळ उभी असते, आणि भिंगाखाली तिच्यावर कानशीच्या रेघा दिसतात. साच्यात ओतलेल्या चकतीच्या भिंतीला उतार असतो, कारण उताराशिवाय पॅटर्न वाळूतून सुटतच नाही. भिंतीच्या मध्यावर साच्याच्या जोडाची रेघ राहिलेली असते, किंवा ती घासल्याची खूण. कोपरे गोलावलेले. खोलगट जागी टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. विक्रेत्याकडे भिंतींचा तिरका, जवळून काढलेला फोटो मागा. देत नसेल तर सोडून द्या.

दुसरी परीक्षा आवाजाची. चकती दोऱ्याला टांगून लाकडाच्या काडीने हलकेच ठोका. घडवलेलं लोखंड खणकन वाजून घुमतं. करड्या बिडात ग्रॅफाइटच्या पापुद्र्या असतात आणि त्या आवाज गिळतात, म्हणून बीड ठप्प वाजतं. चुंबकही ठेवा जवळ. झिंकच्या स्वस्त नकला त्यावर पकडल्या जातात. पण तांबट मिश्रधातूंच्या अस्सल त्सुबाही चुंबकाला चिकटत नाहीत, हे विसरू नका. आणि शॉपमधल्या भाऊंसाठी खास सूचना: ग्राइंडरला लावून ठिणगी बघायची नाही!

तांबट त्सुबांमध्ये दोन मिश्रधातू महत्त्वाचे. शाकुदो म्हणजे तांब्यात थोडं सोनं, साधारण ३ ते ५ टक्के. शिबुइची म्हणजे तांब्यात भरपूर चांदी. दोन्ही नुसते बघितले तर तांब्यासारखेच. रंग येतो तो क्षारांच्या उकळत्या द्रावणात बुडवल्यावर, आणि बुडवण्याआधी कारागीर किसलेला मुळा चोळतात. मग शाकुदो निळसर काळा होतो, शिबुइची राखाडी. हा रंग केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो. पितांबरी किंवा ब्रासो एकदा लावलं की काळा मोर पिवळट कावळा होतो.

सोन्याच्या कामातला एक प्रकार आपल्या ओळखीचा आहे. लोखंडावर छिन्नीने जाळीसारख्या बारीक रेघा मारायच्या आणि त्यावर सोन्याचा पत्रा दाबून बसवायचा. जपानीत नुनोमे-झोगान, आपल्याकडे कोफ्तगिरी. हे काम समजून घ्यायला जपानला जायला नको. काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांच्या दालनात जा. अकबराचं १५८१ सालचं चिलखत तिथेच आहे. भारतीय मुठींवरचं सोनं कुठे उडालंय ते शोधा. सोनं गेलेल्या जागी खालच्या जाळीदार रेघा उघड्या पडलेल्या असतात. त्सुबावरही नेमकं तेच शोधायचं असतं. मग जिने चढून टाटांच्या संग्रहातल्या जपानी वस्तू बघा.

घराण्यांची नावं हळूहळू येतील: आरपार कोरीव कामासाठी ओवारी आणि आकासाका, मऊ धातूंसाठी गोतो घराणं, हिगोचं साधं पण रुबाबदार लोखंड. नोबुइए आणि कानेइए या सह्या दिसल्या की मासामुनेचा नियम लावा. सोतेन सहीच्या चकत्या पोत्याने मिळतात, कारण हिकोनेच्या त्या कारखान्याच्या नावावर खूप जणांनी माल काढला. नवशिक्याने एक साधी, बिनसहीची, अस्सल लोखंडी घ्यावी. सोन्याने मढवलेल्या ड्रॅगनच्या मोहात सगळेच पडतात, आणि नकला करणाऱ्यांना ते माहीत असतं.

कुठून आणि कितीला

चोर बाजारात मिळेल का, हे सगळे विचारतात. मटण स्ट्रीटला जरूर जा (शुक्रवारी दुकानं बंद असतात), जुन्या धातूवर हात फिरवायची सवय होते. पण मी तिथे 'जपानी' म्हणून दाखवलेलं जे पाहिलं ते ओतीव होतं. अस्सल माल जपानमधल्या विक्रेत्यांकडून किंवा तिथल्या लिलावांतून प्रॉक्सी सेवेमार्फत, म्हणजे आपल्या वतीने खरेदी करून पाठवणाऱ्यांमार्फत, येतो. साधी लोखंडी त्सुबा साधारण १० ते ३० हजार येनपर्यंत मिळते, होझोन कागद असलेली त्याच्या दुप्पट-तिप्पट आणि पुढे कितीही. त्यावर प्रॉक्सीचं कमिशन, टपाल आणि कस्टम्स ड्युटी धरा. सुरुवातीला कागदवाली एक घ्या, मग बिनकागदाच्या घ्या. कागदवाली हातात असली की तुलना करायला पट्टी मिळते.

कस्टम्सचं नीट समजून घ्या. तलवारी, त्यांचे भाग आणि म्यानं यांचा कोड ९३०७ आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा कोड ९७०६, आणि शस्त्रांच्या प्रकरणातून अशा वस्तू वगळलेल्या आहेत. म्हणून विक्रेत्याकडून बिलावर वस्तू, धातू, अंदाजे काळ आणि खरी किंमत स्पष्ट लिहून घ्या. 'गिफ्ट' लिहा किंवा किंमत कमी दाखवा असं सांगू नका. पाकीट उघडलं गेलं की खऱ्या गोष्टीवरही कोणी विश्वास ठेवत नाही. टपालाने आलेल्या परदेशी पार्सलची तपासणी बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात होते. अधिकाऱ्याने बोलावलं तर बिल, फोटो आणि कागद घेऊन शांतपणे जा. शस्त्राच्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात, त्यामुळे पहिल्या पार्सलआधी कस्टम्स एजंटशी बोलून घेतलेलं बरं.

आणखी एक. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला भारताबाहेर पाठवता येत नाही. 'नाही आवडली तर परत विकू' हा हिशेब करून परदेशी माल घेऊ नका. आयातीचे सगळे कागद एका फायलीत जपून ठेवा.

पावसाळा आणि सासूबाई

जून ते सप्टेंबर लोखंडाचे वैरी. वर्सोव्याला राहत असाल तर वर खारा वारा. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, ओल येते. किरी या हलक्या जपानी लाकडाचा डबा मिळाला तर उत्तम, नाहीतर साध्या कोरड्या लाकडी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या दर पंधरवड्याला बदला. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका. लोखंडी त्सुबा कोरड्या सुती फडक्याने रोज थोडी चोळली की तिची काळी झळाळी वाढते, टीव्ही बघता बघता होतं. शाकुदोला मात्र हातमोजे घाला, घामाचे डाग पडतात.

लाल गंज दिसला तर पॉलिश पेपर, व्हिनेगर, गंज काढायचं रसायन, काहीही वापरू नका. जपानमध्ये हरणाच्या शिंगाने किंवा हस्तिदंताने खरवडतात. आपल्याकडे वन्यजीव कायद्यामुळे दोन्ही घरात ठेवणं गुन्हा आहे, तेव्हा म्हशीच्या हाडाचा किंवा कडक बांबूचा तुकडा घ्या. लाल भाग तेवढा टोकाने निघतो, खालचा काळा राहतो. वेळ लागतो. लागू द्या.

खंडेनवमीला आमच्या सासूबाई त्सुबाला हळदकुंकू लावायला निघतात. शस्त्र आहे म्हटल्यावर पूजा हवीच. त्यांना नाही म्हणू नये. गंध, हळदकुंकू आणि ओलं फूल डब्याच्या झाकणावर वाहायचं, धातूवर नाही, असा आमचा तह झाला आहे.

घरातच तलवार निघाली तर

महाराष्ट्रात हे होऊ शकतं. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मराठा पलटणी होत्या, आणि १९४५ मध्ये शरण आलेल्या जपानी अधिकाऱ्यांच्या तलवारी काही सैनिकांबरोबर घरी आल्या. आजोबांच्या ट्रंकेत तशी निघाली तर सगळ्यात आधी वकिलाशी बोला आणि स्थानिक पोलीस ठाण्यात परवान्याची चौकशी करा. रिक्षात घालून कोणाला दाखवायला नेऊ नका. धार लावू नका, घासू नका, खोबरेल लावू नका, ते चिकट होऊन बसतं. शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात पुरतो. पात्याला उघड्या बोटांनी स्पर्श करू नका.

यातल्या बऱ्याचशा युद्धकाळात कारखान्यात केलेल्या असतात आणि त्यांच्या नाकागोवर छोटे शिक्के असतात. पण लष्करी मुठीत कधीकधी घराण्यातलं जुनं पातं बसवलेलं सापडतं, म्हणून मूठ काढून बघण्यासारखी असते. मुठीतली बांबूची खुंटी एका टोकाला बारीक असते. त्या बाजूने लाकडी काडीने हलकेच ठोकून बाहेर काढा. मग पातं उभं धरून, मूठ धरलेल्या हाताच्या मनगटावर दुसऱ्या हाताची मूठ अलगद आपटा, मूठ सैल होते. अडली तर जबरदस्ती नको, तशीच राहू द्या. निघाली तर शेजारी पट्टी ठेवून, तिरक्या उजेडात, पात्याचं टोक वर येईल असे नाकागोच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि खुंटी परत बसवून ठेवा.